वैनगंगेच्या दोन तीरांवर
(चंद्रपूर येथील एका कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



वैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर, गडचिरोली जिल्ह्यात, १९९३पासून दारूबंदी आहे. अलीकडे आपल्या चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि मे २०२१मध्ये मंत्रिमंडळाने उठवली. जंगल तेच, मोहाची झाडे तीच. मग असे का घडले, हा प्रश्न आज आपण स्वतःला विचारायचा आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हा विषय गावागावांत नेला. मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेने तर आपला निर्णय सर्वसहमतीने घेतला. तिथे शासनाचा आदेश आला तो लोकांच्या मागोमाग. २०१६मध्ये सुरू झालेले ‘मुक्तिपथ’ अभियानही गावसंघटनांच्या खांद्यावर उभे आहे. चोरटी दारू तिथे येत नाही असे नव्हे. पण ती पकडायला गावातल्या बायका निघतात.

आपल्याकडेही मातृशक्ती कमी पडली नव्हती. डिसेंबर २०१०मध्ये ‘श्रमिक एल्गार’च्या पारोमिता गोस्वामी यांच्यासह हजारो महिला चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. त्यांची विचारसरणी आपली नव्हे, पण त्या पायपिटीपुढे नतमस्तक व्हावे. २०१५मध्ये पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी तो शब्द प्रत्यक्षात आणला. आणि आपण? ‘झाली एकदाची बंदी’ म्हणून घरी बसलो. अवैध दारू, वाढते गुन्हे, त्या धंद्यात ओढली गेलेली मुले ही बंदी उठवण्याची कारणे सांगितली गेली. महसुलाची ओढही होतीच. निर्णय चुकीचाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ती कारणे घडत असताना आपल्या शाखा, आपली मंडळे कोठे होती?

मोहाला मात्र दोष देऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन निघणाऱ्या वनवासी भगिनीसाठी ते फूल अन्न आहे, रोकड आहे. गोंड बांधवांच्या देवकार्यातही त्याला मान आहे. पूजेतला तो थेंब निराळा आणि सडका गूळ व नवसागर घालून विकायला काढलेला माल निराळा. हे अंतर न जाणता वस्तीवर उपदेश करायला जाणारा कार्यकर्ता हात हलवत परत येतो. त्यातून त्याच्याच गालात खर्रा असेल तर बोलायलाच नको! हसू नका, या सभागृहातल्या किती खिशांत ती पन्नी आहे, हे मला दिसते आहे. तंबाखू-सुपारीने तोंड उघडेनासे होते, पुढे कर्करोग होतो, हे आपण सुशिक्षित घरांतही पाहिले आहे.

आता कामाचे. गावातले परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी मतदानाची तरतूद आहे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, एकूण मतदारांच्या! म्हणजे जी भगिनी घरीच राहिली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते. ती विरोधात नसते. रोवणीला गेलेली असते, नाहीतर चुलीपाशी अडकलेली. तेव्हा आपल्या गावात असे मतदान ठरले, तर त्या सकाळी घरचा स्वयंपाक कोणता पुरुष करणार, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.