श्रावण पाळला, करीचे काय?



भावाचे बोलून झाले, आता अंगातल्या ताकदीचे बोलू. हा उपदेश नाही, हिशेब आहे.

कोरडवाहू शेतकऱ्याचे खरे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. त्यानेच डवरणी करायची, भरला पंप पाठीवर घेऊन कपाशी फवारायची. आणि संध्याकाळी आपणच म्हणतो, शीण घालवायला थोडी घेतली. शीण जात नाही, फक्त कळत नाही. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. लघवी वाढते, अंगातले पाणी जाते. यकृत दारू निपटण्यात गुंतते आणि रक्तात साखर सोडायचे त्याचे काम मागे पडते. मग पिऊन उपाशी झोपलेला गडी सकाळी तासाभरात धुऱ्यावर बसतो.

आपल्यातले पुष्कळजण श्रावण पाळतात, थेंबही घेत नाहीत. पाळतात देवासाठी, फळ मिळते शरीराला. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप येत नाही. मग सलग झोप लागते, सकाळी अंग हलके वाटते. दोन-तीन आठवड्यांत यकृतात साठलेली चरबी उतरू लागते. लंडनच्या डॉक्टरांनी महिनाभर दारू सोडलेल्या ९४ जणांना तपासले. २०१८ साली ते छापून आले. रक्तदाब सुमारे ६ टक्के उतरला, वजन दीड टक्का घटले.

पण पोळा फुटला की दुसऱ्या दिवशी कर! महिनाभराची कमाई तिथून गळायला लागते. काम तर तेव्हा संपलेले नसते. ज्वारीची कापणी, कापसाची वेचणी पुढेच असते.

एक सावधगिरी सांगतो. जो रोज सकाळपासून पितो, त्याने एकट्याने एकदम सोडू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्या, डॉक्टरांना किती पितो ते खरे सांगा. त्यात लाज नाही.

आपण घामाचे दाम मागतो. तो घाम गाळणारे शरीरही आपणच राखले पाहिजे. आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवले आहे, यंदाची कर कोरडी काढायची आणि वेचणी संपेपर्यंत श्रावण चालवायचा. तुमच्यातले किती जण सोबत येता, ते हात वर करून सांगा.