ॲपवाल्यांना आपली गरज कशी सांगायची?

आज मोबाईलवरच्या हिशेबाबद्दल बोलूया. मोबाईल कसा चालवायचा ते नाही, ते तुमची मुलं शिकवतात. हिशेबाचं ॲप बनवणाऱ्याला आपली गरज कशी सांगायची, ते.

आमच्या ग्रामसंघासाठी असं ॲप तयार होत होतं. काय हवं ते लिहून द्या, असा निरोप आला. मी बीए झालेली, म्हणून काम माझ्या गळ्यात. मी लिहिलं, "ॲप सोपं असावं. मराठीत असावं. कर्जाची नोंद व्हावी." झालं. ॲपही अगदी तसंच आलं.

जूनमध्ये गटातल्या एका ताईंना हजाराचा हप्ता जमला नाही. गटाला विचारून त्यांनी ६०० रुपये भरले. पण ॲप पूर्ण हप्ताच घेत होतं. सचिवताईंनी ६०० वहीत लिहिले आणि ॲप तसंच सोडलं. ग्रामसंघाच्या बैठकीत ॲपमधली थकबाकीची यादी मोठ्यानं वाचली गेली. ताईंचं नाव पहिलं, पूर्ण हजार बाकी. ऐन पेरणीच्या तोंडावर त्यांचं पुढचं कर्ज अडलं. बी-बियाणं त्यांनी दुकानातून उधारीवर उचललं. बैठकीत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, हे मला जास्त लागलं.

महिनाभर आम्ही ॲपवाल्यांना नावं ठेवली. मग मी माझा कागद काढून पाहिला. त्यात अर्ध्या हप्त्याचा उल्लेखच नव्हता.

ॲपच्या कामात वापरणारे आणि बनवणारे यांच्यामध्ये एक दुभाष्या असतो. त्याला बिझनेस ॲनालिस्ट म्हणतात. आमच्याकडे या कामाची एक मुलगी आली. तिनं 'युजर स्टोरी' शिकवली, म्हणजे वापरणाऱ्याची गोष्ट. ही पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेत केंट बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रायस्लर या मोटार कंपनीत वापरली. तिथंही काम हिशेबाचंच होतं, कामगारांच्या पगाराचं. एका कार्डावर एकच गरज लिहायची. तिचे तीन भाग: मी कोण, मला काय हवं, कशासाठी हवं.

आमचं पहिलं कार्ड असं झालं: "गटाची सचिव म्हणून मला हप्त्याची आलेली रक्कम जशीच्या तशी भरता आली पाहिजे, म्हणजे सभासदाच्या नावावर उरलेलेच पैसे बाकी दिसतील."

'कशासाठी' हा भाग आपण नेहमी गाळतो. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. कारण कळलं, की बनवणाऱ्याला आपल्याहून बरा उपायही सुचू शकतो. म्हणून "इथं हिरवं बटण द्या" असं लिहायचं नाही. बटण कुठं द्यायचं ते त्यांचं काम.

कार्ड लिहून काम संपत नाही, त्यावर बोलावं लागतं. ती मुलगी विचारायची, "सोपं म्हणजे काय हो?" कुणी म्हणालं अक्षर मोठं, कुणी म्हणालं रेंज नसताना चालणारं. आमच्या एक आजी म्हणाल्या, "मला वाचता येत नाही. माझी बाकी मला ऐकू आली पाहिजे. म्हणजे सचिव सांगते ते खरं का, ते मला कळेल." सगळ्या हसल्या, सचिवताईसुद्धा. ते कार्ड आजींच्याच शब्दांत लिहिलं.

मग कार्डाच्या पाठीमागं तपासणी लिहायची. ६०० भरले तर ४०० बाकी दिसते का? १,२०० भरले तर जास्तीचे २०० कुठं जातात? पावती मिळते का? नवं ॲप हातात आलं की हेच भरून पाहायचं. चुकलं तर कार्ड परत द्यायचं, भांडायचं नाही.

कार्डं विकत आणू नका. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू चालते, आम्ही तीच वापरली. आणि लिहिताना फक्त सचिव-अध्यक्षांना बसवू नका. ज्यांचा हप्ता चुकतो, त्यांना आधी बोलवा.

ॲप दुरुस्त होऊन आलं तेव्हा ग्रामसंघाच्या बैठकीत नवी यादी मी स्वतः मोठ्यानं वाचली. ताईंचं नाव त्यात नव्हतं, उरलेले ४०० त्यांनी केव्हाच भरले होते. पण तोवर पेरणी होऊन गेली होती.