खाडीकाठचे घर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळातील तीन-चार तरुण दांपत्यांनी अलीकडे आम्हांस एकच प्रश्न विचारला : खाडीकाठी, दारात होडी लागेल असे घर विकत घ्यावे काय? प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात बहुधा गुळगुळीत कागदावर छापलेली रंगीत पुस्तिका असते, आणि तीत पांढऱ्या शिडाची एक नौका असते. चिटणीसांनी आम्हांस याच विषयावर बोलावयास सांगितले, याचे कारण आमची विद्वत्ता नव्हे. आम्ही जुने मॅट्रिक, जन्मभर मुलांना भूगोल शिकवीत आलो, आणि निवृत्तीनंतर त्याच भूगोलात नापास होता होता वाचलो, एवढाच आमचा अधिकार.

खाडीची ओढ आपल्या कल्याणकरांस नवी नाही. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात या बंदराचे नाव आढळते; कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत; १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण घेतल्यावर मराठी आरमाराचा आरंभ याच खाडीत झाला, असे इतिहासकार मानतात. परंतु किल्ला बांधला तो दुर्गाडीच्या टेकडीवर. जहाजे पाण्यात आणि माणसे उंचावर, ही त्या काळची रीत होती.

आता आमची कथा. सन २०१९ मध्ये भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती होती. आमच्या कुटुंबाचे माहेर वसईच्या खाडीवरचे. वडिलांचा मचवा होता. शेवटची वर्षे पाण्याकडे पाहत काढावी, ही तिची एकच इच्छा. एका दलालाने आम्हांस १८ मे रोजी, म्हणजे बुद्धपौर्णिमेस, दुपारी एका नव्या वसाहतीत नेले. खाडी काठोकाठ भरली होती. "हा तुमचा खाजगी धक्का," असे म्हणून त्याने पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या दाखविल्या. आम्ही त्याच सायंकाळी दोन लक्ष रुपये इसारा दिला.

घरी आल्यावर कुटुंब बोटे मोजीत म्हणाली, "अहो, तो माणूस आपल्याला पौर्णिमेला नेमका भर दुपारी घेऊन गेला. आता अमावास्येला संध्याकाळी जाऊ." कोळ्यांचा जुना हिशोब असा की, तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे मुंबईच्या भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येस बाराच्या सुमारास. खाडीत इतके आत शिरावयास पाण्यास आणखी वेळ लागतो. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते, पाणी चढतेही फार आणि उतरतेही फार. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार दोन्ही बेताचे. भूगोलाच्या तासास चंद्र-सूर्याचे आकर्षण आम्ही कितीदा शिकविले असेल, पण पाऊणपटीचा हा हिशोब आम्हांस पत्नीकडून शिकावा लागला.

३ जूनच्या अमावास्येस तिन्हीसांजेस आम्ही पुन्हा गेलो. चार पायऱ्या चिखलात संपत होत्या, आणि पुढे पाण्याच्या धारेपर्यंत नुसता काळा गाळ. होडी असती तरी ती दिवसाचे काही तासच तरंगली असती, उरलेला वेळ चिखलात बसली असती. म्हणून आमचे पहिले सांगणे : जागा पाहावयाची ती पंचांग हाती घेऊन, उधाणाच्या ओहोटीस. खाडीवर पूल असेल तर भरतीच्या वेळी त्याखाली किती उंची उरते, तेही पाहावे. शिडाची डोलकाठी मोडून ठेवता येत नाही.

त्या 'खाजगी' धक्क्याविषयी आम्ही विक्रीकचेरीत परवानगी मागितली. "होऊन जाईल," असे उत्तर मिळाले. पुढे महसूल कायद्याचे पुस्तक पाहिले. भरतीच्या उच्च रेषेखालची जमीन आणि खाडीचे पात्र १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे सरकारचे. जे स्वतःचे नाही ते कोणी आम्हांस कसे विकणार? धक्का बांधावयाचा तर मेरीटाइम बोर्डाची आणि किनारपट्टी व्यवस्थापनाची अनुमती लागते. किनारा नियमनाची मर्यादा खाडीकाठी २०११ च्या अधिसूचनेत शंभर मीटर वा खाडीच्या रुंदीइतकी, यांपैकी कमी असेल ती होती. २०१९ च्या अधिसूचनेत शंभराचे पन्नास झाले. खारफुटी असेल तेथे उच्च न्यायालयाने पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवावयास लावले आहे. २०१६ मध्ये कल्याण-ठाणे-मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ घोषित झाला, हे पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत असते. पण जलमार्ग कागदावर घोषित झाला म्हणजे आपल्या दारी होडी लागली असे नव्हे.

आणि मग २७ जुलै उजाडला. त्या दिवशी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजाराहून अधिक उतारूंना बाहेर काढावे लागले. डोंगरातले हे पाणी आणि टिटवाळ्याकडून येणाऱ्या काळूचे पाणी आपल्याच उंबऱ्याशी येते, आणि त्याच वेळी समुद्रास भरती असली की त्यास बाहेर पडावयास वाट उरत नाही. २६ जुलै २००५ ला आमच्या शाळेचे वर्ग पूरग्रस्त कुटुंबांनी भरले होते, ते आम्ही कसे विसरलो कोण जाणे! पाणी ओसरल्यावर त्या वसाहतीत गेलो, तो तळमजल्याच्या खांबांवर छातीइतक्या उंचीस गाळाची रेघ. पहारेकऱ्याने शेजारच्या जुन्या भिंतीवर आणखी वरची एक रेघ दाखविली आणि म्हणाला, "ही पाच सालची."

पाटबंधारे खात्याच्या नकाशावर अशाच दोन रेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकामास मज्जाव, दोहोंच्या मधे निर्बंध. सातबारा, रेराचा क्रमांक आणि मंजूर नकाशा सर्वजण मागतात. ही रेषा कोणी मागत नाही, आम्हीही मागितली नव्हती. शिवाय नोंदणीकृत करारनाम्यावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकास घेता येत नाही, हे त्यातल्या त्यात ध्यानात असू द्यावे.

आमचा इसारा चौदा महिन्यांनी परत आला, त्यातूनही काही रक्कम कापूनच. आम्ही गावातल्या जुन्या, चढावरच्या दोन खोल्यांतच राहिलो. खाडी तेथून वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. कुटुंब थोडे दिवस रुसली, मग म्हणाली, "खाडी पाहायची तर चालत जाऊ. खाडी आपल्याला पाहायला घरात आली नाही म्हणजे झाले."

ज्यांना जागा घ्यावयाची आहे त्यांनी आपले कागद घेऊन दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कचेरीत यावे. आम्ही तेथे असतो. मात्र पौर्णिमा वा अमावास्या रविवारी आली तर कागदांसह सायंकाळी दुर्गाडीपाशी यावे. कुटुंब बरोबर असते, तिथीचा हिशोब तीच सांगेल.