घरातील विद्यालय

मुलांना घरीच शिकविणाऱ्या मातापित्यांनो, लोकांच्या प्रश्नांनी खचून जाऊ नका. मुंबईच्या मालविका जोशी हिने सातवीच्या सुमारास शाळा सोडली. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडमध्ये तीन पदके मिळवून २०१६ मध्ये ती अमेरिकेतील एमआयटीत दाखल झाली. मात्र बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे द्वार तिला बंदच राहिले. यास्तव परीक्षेचे नियोजन आधीच करावे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेतर्फे वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते.

अभ्यासाची वेळ नित्य पाळावी, रोजची नोंदवही ठेवावी. धानाच्या गिरणीत वजने-मापे शिकवावीत, नवेगावबांधच्या तलावावर पक्षी दाखवावेत. सायंकाळी सवंगड्यांत खेळू द्यावे. आपण सर्वज्ञ नसलो तरी चालेल. मुलांसोबत शिकण्याची तयारी मात्र हवी.