फाइल खरी, पण माणूस तोच का?

आजचा विषय मी निवडला त्याला एक कारण आहे, आणि ते सांगताना मलाच जरा लाज वाटते.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतून एक सायकल चोरीला गेली. ग्रुपवर सीसीटीव्हीची अकरा सेकंदांची क्लिप आली. डोक्यावर टोपी, पाठीवर डिलिव्हरीची बॅग, चेहरा म्हणाल तर चार-पाच ठिपके. वेळ दिसत होती ९:२०. रजिस्टरमध्ये एका डिलिव्हरीवाल्या पोराची एन्ट्री ९:१५ची. मी लगेच लिहिलं, "तोच आहे." मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझं म्हणणं सगळ्यांनी मानलं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला गेटवर दीड तास बसवून ठेवलं. मग कुणीतरी डीव्हीआर तपासला, तर त्याचं घड्याळ ४७ मिनिटं पुढे. म्हणजे सायकल गेली तेव्हा तो पोरगा आवारात आलाच नव्हता.

हेच प्रकरण कोर्टात गेलं असतं तर? तिथे दोन वेगळे प्रश्न आले असते, आणि मी त्यांची पार भेळ केली होती.

पहिला प्रश्न, फाइल खरी आहे का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ याबद्दल आहे. व्हिडिओची कॉपी द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पुरावा देणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक बिट बदलला तरी अंगठा बदलतो. जुन्या कायद्यात हे ६५ब होतं. ते प्रमाणपत्र सक्तीचंच आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ज्या खटल्यात पक्कं केलं तो आपल्या जालन्याचा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, असा तो वाद, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा. वाद निवडणुकीचा, पण नियम फौजदारी खटल्यांनाही लागतो.

पण बघा हं, आमच्या क्लिपची हॅश अगदी बरोबर आली असती. कुणी फाइलला हातच लावला नव्हता. घड्याळ चुकीचं, तर चुकीची वेळसुद्धा इमानदारीने जपली जाते!

दुसरा प्रश्न, आत दिसणारा माणूस हाच आरोपी का? हे हॅश सांगत नाही. ते कुणीतरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं, आणि मग उलटतपासणी होते: तू याला आधीपासून ओळखतोस? किती दिवस? चेहरा दिसला की फक्त टोपी? कसाबच्या खटल्यात सीएसटीचं फुटेज होतं, फोटोही होते. पण ते फोटो काढणारे कोर्टात येऊन साक्ष देऊन गेले. शिवाय प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार होते, आणि आरोपी त्याच रात्री जिवंत पकडलेला. नुसत्या पडद्यावर काही उभं नव्हतं.

आता उलटं उदाहरण, अमेरिकेतल्या डेट्रॉईटचं. २०१८ मध्ये एका दुकानातून घड्याळं चोरीला गेली. फुटेजमधला अंधुक चेहरा सॉफ्टवेअरमध्ये टाकला, आणि रॉबर्ट विल्यम्स यांचा लायसन्सवरचा जुना फोटो वर आला. मग सहा फोटो मांडून ओळख पटवली. कुणाकडून? दुकानाच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या बाईंकडून, ज्यांनी चोरी पाहिलीच नव्हती! त्यांनीही तोच व्हिडिओ पाहिला होता. म्हणजे कागदावर पुरावे दोन, पण मुळात एकच धूसर फ्रेम. जानेवारी २०२० मध्ये विल्यम्सना बायको-मुलींसमोर बेड्या घातल्या, जवळपास तीस तास कोठडीत ठेवलं. त्यांनी तो फोटो स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरून दाखवला. केस पुढे मागे घेतली. २०२४ च्या तडजोडीत पोलिसांनी मान्य केलं की फक्त अशा मॅचवर अटक करायची नाही.

हे आपल्यापासून लांब नाही. माहिती अधिकारात विचारल्यावर दिल्ली पोलिसांनी सांगितलं होतं की ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं की ते 'मॅच' धरतात. मी कामात असे थ्रेशोल्ड रोज ठेवतो. ८० का, ७९ का नाही, असं मला कुणी विचारलं तर खरं सांगतो, बऱ्याचदा गोल आकडा बरा दिसतो म्हणून. ॲपमध्ये चुकीचं गाणं सुचवलं तर चालतं. इथे एक माणूस आत जातो. वकिलांनी तो आकडा कुणी ठरवला हे विचारलंच पाहिजे, आणि उत्तर द्यायला आमच्यासारखं कुणीतरी कोर्टात हजर पाहिजे.

तो पोरगा आता आमच्या बिल्डिंगची ऑर्डर घेत नाही. मी माझा मेसेज डिलीट केला, पण तोवर सगळ्यांनी वाचला होता. डीव्हीआरचं घड्याळ त्याच आठवड्यात नीट केलं. काल सहज पाहिलं, परत सहा मिनिटं पुढे.