पर्वताची आच सांगणारे कण



पर्वताची उंची मोजता येते. पण त्याचे खडक एकेकाळी किती खोल गाडलेले होते, हे कसे कळावे? पाहायला तेव्हा माणूस नव्हता. पण साक्षीदार होता, आणि तो वाळूच्या कणाएवढा!

प्राचीन समुद्रांत वामेसारखे लांबट, छोटे प्राणी होते. त्यांच्या तोंडातल्या दातांसारख्या अवयवांना कोनोडोंट म्हणतात. १८५६ साली पँडर यांनी त्यांचे प्रथम वर्णन केले. चुनखडी सौम्य आम्लात ठेवली की दगड विरघळतो आणि फॉस्फेटचे हे दात तळाशी उरतात.

१९७७ साली अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातील अनिता एप्स्टाइन (पुढे हॅरिस) यांनी दोन सहकाऱ्यांसह त्यांच्या रंगाचे गुपित उलगडले. रवा मंद आचेवर सावकाश भाजा किंवा मोठ्या आचेवर लवकर; चढलेला रंग कढई उतरवल्यावर उतरत नाही. कोनोडोंटचे तसेच आहे. सुमारे ८० अंश सेंटिग्रेडखाली तो फिकट पिवळा राहतो, मग तपकिरी होतो आणि ३०० अंशांच्या वर काळा पडतो.

अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन पर्वतात पश्चिमेकडचे कण फिकट, तर पूर्वेकडे जावे तसे गडद होत जातात. म्हणजे पूर्वेकडे खडकांवर गाळाचे ओझे अधिक होते. ते आज झिजून गेले आहे.

जमिनीत खोल जावे तशी उष्णता वाढते. म्हणून खालचा थर गडद हवा. पण वर गडद आणि खाली फिकट कण मिळाले तर? तर खोल भाजून निघालेला थर नंतर सरकून दुसऱ्यावर चढला असावा, असा संशय घ्यावा लागतो. तेलाच्या शोधातही याला मोल आहे. जेथे कण काळे, तेथे तेल टिकलेले नसते. तेथे तेलासाठी विहीर खणणे म्हणजे पैसा मातीत घालणे.

आपल्या सह्याद्रीत मात्र हे दात शोधू नका. त्याचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. कोनोडोंट सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले.

आणखी एक सावधगिरी. जवळून तप्त शिलारस गेला तरी रंग चढतो. म्हणून एका कणावरून निकाल देऊ नये. पण पर्वताविषयी मोठा सिद्धांत मांडणाऱ्यानेही या लहान साक्षीदाराची जबानी घेतल्यावाचून पुढे जाऊ नये.