उन्हाचा लेप आणि आपला वर्ण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील महिला-सत्रात केलेले भाषण)



संक्रांतीच्या हळदीकुंकवास एका भगिनीने पिशवीतून एक नळी काढून आम्हांस विचारले, "ह्याने वर्ण उजळतो ना?" नळीवर 'टिंटेड मिनरल सनस्क्रीन मॉइश्चरायझर' असे छापलेले होते, उजळण्याचे नावही नव्हते. तरी प्रश्न तोच आला, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ह्या लेपात मुख्यतः जस्ताचे ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड, अथवा दोन्ही, अगदी बारीक करून घातलेली असतात. ती उन्हातील अतिनील किरण बहुतांशी शोषून घेतात व थोडे परतवितात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली सोळा सूर्यरोधक द्रव्यांचा विचार करून ह्या दोहोंनाच निर्धोक व परिणामकारक मानण्याचा प्रस्ताव मांडला होता. ही दोन्ही पांढरी. सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसतात. म्हणून त्यांत लोहाची ऑक्साइडे मिसळतात. ज्या गेरूने आपण तुळशीवृंदावन रंगवितो, त्याचीच ही शुद्ध केलेली भावंडे. घामोळ्यांवरचे गुलाबी कॅलामाइनही जस्त आणि लोह ह्यांच्याच जोडीचे.

परंतु हा रंग केवळ शोभेचा नव्हे. डेट्रॉईट येथील संशोधकांनी २०१० साली दाखविले की, सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळपट डाग उठवितो आणि ते पुष्कळ दिवस टिकतात. पांढऱ्या लेपाने हा प्रकाश पुरेसा अडत नाही. लोहाच्या रंगाने बराच अडतो. बाळंतपणानंतर गालांवर वांग आलेल्या आपल्या कितीतरी भगिनींना त्याचा उपयोग आहे. तो वांग पुसून टाकीत नाही, वाढू देत नाही, एवढेच.

आता आमच्या पाहण्यातील चूक सांगतो. दुकानात आपण आपल्या वर्णाहून एक छटा उजळ नळी उचलतो. ती चेहऱ्यावर उठून दिसते, म्हणून मग बोटाच्या टोकाएवढीच घेऊन पातळ पुसतो. नळीवरचा पन्नासाचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लेप लावून ठरविलेला असतो. चेहरा व मान ह्यांस तर्जनी आणि मध्यमा ह्या दोन्ही बोटांच्या लांबीभर लेप लागतो. त्याहून पातळ लावल्यास तो आकडा नळीवरच राहतो. तेव्हा जबड्याच्या कडेला दिवसाउजेडी लावून पाहावे आणि जी छटा दिसेनाशी होते तीच घ्यावी. बाहेर पडण्याआधी पाव तास लावावे. उन्हात असल्यास दर दोन तासांनी, घाम पुसल्यावर लगेच, पुन्हा लावावे. तळहातावर दुसऱ्या मलमात कालवू नये. त्वचा कोरडी असेल तर ते मलम आधी लावून जिरू द्यावे.

'मिनरल' म्हणजे निरुपद्रवी, असेही समजू नये. त्यातील सुवासिक द्रव्यांनी व टिकाऊपणासाठी घातलेल्या पदार्थांनी पुरळ उठू शकते. कुंकवाने कपाळ खाजलेल्या भगिनींना हे निराळे सांगावयास नको. नवी नळी चार-पाच दिवस कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावी. फवारा किंवा भुकटी चेहऱ्यावर उडवू नये, ती श्वासाबरोबर आत जाते. सहा महिन्यांखालील बाळास सावली आणि सुती टोपरेच बरे. आणि घरचा गेरू साईत कालवून हा लेप होत नाही. त्यात शिसे असू शकते.

सर्वांत चिंतेची गोष्ट निराळीच आहे. आमच्या नात्यातील एका मुलीने लग्न ठरेपर्यंत आठ महिने दुकानातून चिठ्ठीवाचून मिळालेले 'गोरे करणारे' मलम लावले. त्यात स्टेरॉइड होते. चेहरा लाल झाला, पुटकुळ्या आल्या, ऊन सोसवेना. आणि ते सारे झाकण्यासाठी ती हाच रंगीत लेप वापरू लागली. घरात कोणाला वर्षभर कळले नाही. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास २०१८ पासून मनाई आहे, तरी ती हाती येतातच. नाव-पत्ता नसलेल्या डब्यांत पारा निघतो, तो मूत्रपिंडे बिघडवितो. म्हणून रात्री लेप धुतल्यावर आपल्या मुलीसुनांचा चेहरा उजेडात एकदा पाहत जावे. तीळ बदलत असेल, जखम भरत नसेल, गाल सतत लाल असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे; अंगावरचे मलम मात्र विचारल्यावाचून एकदम सोडू नये.

ती मुलगी आठ महिने मलम का लावीत होती, हे आम्ही तिला विचारले. आपल्या मंडळाच्या वधूवर सूचीत 'वर्ण' असा रकाना आहे, त्यात तिच्या वडिलांनी 'गोरा' लिहून दिले होते. पुढील सूचीच्या नमुन्यातून तो रकाना काढावा, अशी लेखी सूचना आम्ही कार्यवाहांच्या हाती दिली आहे. तिला अद्याप अनुमोदक मिळालेला नाही.